चौघांची खोली आणि आईंची एफडी

प्रश्न: मी ३९ वर्षांचा असून चिंचवडला राहतो आणि वाहन उद्योगात नोकरी करतो. हातात दरमहा १ लाख ६० हजार रुपये पगार येतो. गृहकर्जाचे ४८ लाख बाकी आहेत, हप्ता ४७ हजारांचा आहे. येत्या मे महिन्यात पत्नी, दोन मुले (वय १० आणि ६) आणि आई यांच्यासह बहिणीकडे न्यू जर्सीला जाऊन, तेथून पाच रात्री ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा बेत आहे. व्हिसा गेल्या वर्षीच मिळाले, विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत. डिस्नेच्या स्वस्त श्रेणीतील हॉटेल करांसह रात्रीला २४० डॉलर सांगते, तर डिस्नेबाहेर जवळच किसिमी येथे स्वयंपाकघर असलेला दोन खोल्यांचा सूट १३० डॉलरमध्ये मिळतो. आयुष्यात एकदाच जाणार म्हणून पत्नीचा आग्रह आतल्या हॉटेलचा आहे आणि तेथे चौघांसाठी एक खोली आरक्षितही केली आहे. आई मुलांबरोबर झोपेल. एकूण खर्च १५ लाख धरला आहे. पैकी ११ लाख पॉलिसी बंद करून येतील. आईची ९ लाखांची एफडी मार्च २०२३ मध्ये संपली, तेव्हा ३१ मार्चनंतर करसवलत जाणार, पैसे दामदुप्पट होणार, असे सांगून बँकेतील मॅडमनी तीच रक्कम वर्षाला ३ लाख याप्रमाणे तीन वर्षे भरण्याची ही योजना माझ्या नावावर करून दिली होती. तिच्यात ३० लाखांचे विमा कवच असल्याने वेगळा टर्म विमा (केवळ मृत्यूचे कवच देणारा) घेतलेला नाही. उरलेले ४ लाख कार्डावर नो-कॉस्ट ईएमआयने भरू. कोणते हॉटेल घ्यावे?

उत्तर: जे विचारले आहे ते आधी सांगतो, कारण ते सोपे आहे.

डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले आणि आज चार मोठी उद्याने मिळून त्याचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे ‘आत राहणे’ म्हणजे दार उघडले की समोर उद्यान, असे नव्हे. स्वस्त श्रेणीच्या बहुतेक हॉटेलांतून चारही उद्यानांकडे बसनेच जावे लागते. जादा भाड्याच्या बदल्यात मिळते ते मुख्यतः हे: रोज उद्यान उघडण्याआधी अर्धा तास प्रवेश, मोफत बस, आणि रांग टाळण्याचा सशुल्क पास इतरांना तीन दिवस आधी मिळतो तो तुम्हाला सात दिवस आधी निवडण्याची सोय. विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी मोफत बस जानेवारी २०२२ मध्येच बंद झाली, मात्र जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून लोक अजूनही ती हिशेबात धरतात. सकाळचा तो अर्धा तास खरोखर मोलाचा असतो, कारण दिवसातल्या सर्वांत छोट्या रांगा तेव्हाच असतात. परंतु ज्या कुटुंबात चहा, आंघोळी, नाश्ता आणि कोणाचा तरी हरवलेला मोजा आटोपून साडेनऊशिवाय पाऊल बाहेर पडत नाही, त्यांनी त्या अर्ध्या तासाचे पैसे मोजू नयेत.

बाहेर राहिलात तर मोटार लागेल. पाच जण मावतील अशी गाडी दिवसाला ६० डॉलर धरली तर पाच दिवसांचे ३००, आणि उद्यानातील पार्किंग दिवसाला ३० प्रमाणे चार दिवसांचे १२०. चारांपैकी मॅजिक किंगडम या उद्यानाला तर गाडी तळ्याच्या अलीकडे लावून मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जावे लागते. गाडीच्या दारापासून उद्यानाच्या दारापर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. फ्लोरिडात मे महिन्याच्या दुपारी ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ही फेरी दिवसातून दोनदा करणे सोपे नाही.

आता बेरीज करू. किसिमीचे ६५० आणि वरील ४२० मिळून १,०७० डॉलर होतात. आतल्या खोलीचे १,२०० आणि विमानतळाच्या जाण्यायेण्याचे १४० धरले तर १,३४०. फरक २७० डॉलरचा, म्हणजे डॉलरला ९० रुपये धरून २५ हजारांच्या आत. एवढ्याच फरकासाठी मी तुमच्या पत्नीच्या बाजूने कौल दिला असता.

परंतु हा हिशेब चौघांचा आहे आणि जाणारे पाच आहेत. या श्रेणीतील साध्या खोलीत चारच माणसांना राहता येते; पाचवे माणूस ‘मुलांबरोबर झोपेल’ ही सोय आपल्याकडे लग्नघरात चालते, तेथे चालत नाही. दुसरी खोली घेतलीत तर आतला खर्च २,५४० डॉलरवर जातो आणि फरक १,४७० डॉलरचा, म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार रुपयांचा होतो. सहा जणांचे सूट डिस्नेकडेही आहेत, पण त्यांचे भाडे दोन खोल्यांच्याच घरात जाते. तेव्हा उत्तर किसिमी. तेथे स्वयंपाकघर आहे, आईंना रात्री वरणभात मिळेल आणि पाच माणसांचे बाहेरचे एक जेवण रोज वाचेल. (हॉटेलचे जादा भाडे वसूल होते असे ठिकाण त्याच गावात आहे, पण ते डिस्नेचे नव्हे. युनिव्हर्सल या दुसऱ्या उद्यान-कंपनीच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना तेथील दोन जुन्या उद्यानांत रांग टाळण्याचा पास भाड्यातच मिळतो, आणि एका रात्रीच्या मुक्कामावर येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस तो चालतो. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या तिसऱ्या उद्यानाला मात्र तो लागू नाही.)

हॉटेलचा विषय येथे संपला. तुमच्या पत्रातील पाचवे माणूस खोलीतून सुटले, तसेच ते हिशेबातूनही सुटले आहे, आणि उरलेले उत्तर मला त्याविषयी लिहायचे आहे.

तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर प्रीमियम भरण्याची मुदत तीन नव्हे, बारा वर्षे लिहिलेली आहे. बारा वर्षे ३ लाख भरायचे आणि पहिल्या हप्त्यानंतर तेराव्या वर्षाअखेरीपासून पुढे बारा वर्षे दरवर्षी ६ लाख घ्यायचे, असा तो करार आहे. ‘तीन वर्षे भरा, मग तुमची मर्जी’ हे वाक्य त्या छापील कागदात कोठेही नाही. ते फक्त बँकेच्या टेबलावर बोलले गेले. तीन वर्षांनंतर पॉलिसी बंद करता येते हे खरे, परंतु बंद करता येणे आणि पैसे परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची पॉलिसी निघाली त्या वेळच्या नियमांनुसार तिसऱ्या वर्षात सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यास, भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के एवढीच किमान हमी असते. ९ लाखांवर ही रक्कम ३ लाख १५ हजार होते. कंपनी ‘विशेष सरेंडर मूल्य’ म्हणून दुसरा आकडा काढते आणि दोहोंपैकी मोठा देते. तो धरून ४ लाख समजू. तुमच्या अंदाजपत्रकातील ११ लाख अस्तित्वातच नाहीत. जीएसटीपोटी तुम्ही तीन वर्षांत भरलेले सुमारे २७ हजार तर कोणत्याच हिशेबात परत येत नाहीत.

‘दामदुप्पट’ हा शब्द विक्रीसाठी चांगला असला तरी किती वर्षांत दुप्पट हे विचारल्यावर त्याची हवा जाते. तुमचा प्रत्येक हप्ता तेरा वर्षांनी दुप्पट होतो. ७२ ला दुप्पट होण्याच्या वर्षांनी भागले की वार्षिक व्याजदर साधारण कळतो; ७२ ला १३ ने भागा, साडेपाच टक्के येतात. पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात आणि त्यासाठी कोणाला घरी बोलावून चहा द्यावा लागत नाही.

विक्रीची तारीखही पाहण्यासारखी आहे. ३१ मार्चनंतर करसवलत जाणार म्हणून घाई केली, असे तुम्ही लिहिता. १ एप्रिल २०२३ पासून करसवलत गेली ती वर्षाला एकूण ५ लाखांपेक्षा अधिक प्रीमियम असलेल्या नव्या पॉलिसींची. तुमचा प्रीमियम ३ लाख आहे. त्या घाईशी तुमचा काही संबंध नव्हता. त्याच १ एप्रिलपासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. आईंचे ९ लाख आणखी एक आठवडा बचत खात्यात पडून राहिले असते आणि मग टपाल कार्यालयात गेले असते, तर आज त्यांच्या खात्यात दर तिमाहीला १८ हजार ४५० रुपये येत असते आणि मुद्दल शाबूत असते. त्याऐवजी एका ज्येष्ठ स्त्रीच्या ठेवीतून तिच्या मुलाच्या आयुष्याचा विमा निघाला, ज्याचे उत्पन्न २०३६ साली सुरू होणार आहे. हे विकताना त्या बाईंना आईंचे वय माहीत नव्हते असे मी मानू शकत नाही, कारण ठेवीची पावती त्यांच्याच हातात होती.

आता करायचे काय. पॉलिसी सरेंडर करू नका आणि चौथा हप्ताही भरू नका. ती पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून भरलेल्या रकमेच्या प्रमाणात लाभ चालू ठेवा. बारांपैकी तीन हप्ते भरले असल्याने पुढे वर्षाला ६ लाखांऐवजी दीड लाख मिळतील, बारा वर्षे. वर्षाला सात टक्के व्याज धरून उलटा हिशेब केला तर त्याची आजची किंमत साडेसहा लाखांच्या आसपास येते, तर सरेंडर केल्यास हाती ४ लाख. चालू ठेवण्याविषयी विचाराल तर राहिलेल्या २७ लाखांवर साधारण सहा टक्के सुटतात. ज्याच्या डोक्यावर ४८ लाखांचे गृहकर्ज आहे, त्याने तेच पैसे कर्जात भरलेले बरे. पेड-अप लाभ सरळ प्रमाणातच कमी होतो की त्यातही काही काटछाट आहे, हे कंपनीकडून लेखी मागवा. बँकेकडून नव्हे, कंपनीकडून.

मात्र क्रम चुकवू नका. पेड-अप होताच ३० लाखांचे कवच साडेसात लाखांवर येईल. तसेही ४८ लाखांच्या कर्जापुढे ३० लाख म्हणजे काय होते? तुम्हाला काही झाले असते तर घर बँकेचे झाले असते आणि आईंची ठेव आधीच संपलेली होती. साठाव्या वर्षापर्यंत दीड कोटींचा साधा टर्म विमा तुमच्या वयात, तंबाखूचे व्यसन नसेल तर, वर्षाला २५ हजारांच्या आगेमागे मिळावा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. अर्ज याच आठवड्यात करा, कारण वैद्यकीय तपासणीला दिवस जातात. चौथ्या हप्त्याची तारीख २७ मार्च आहे, वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, म्हणजे नवे कवच सुरू होण्यासाठी तुमच्याकडे २६ एप्रिलपर्यंत वेळ आहे. खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना दिलेली असेल तर ती मात्र २७ मार्चच्या आधी रद्द करा.

फसव्या विक्रीची तक्रार जरूर करा. प्रथम विमा कंपनीकडे लेखी, आणि तेथे समाधान झाले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे; वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. तीन वर्षे उलटत आली आहेत आणि प्रस्तावावर सही तुमची आहे, म्हणून फार आशा ठेवू नका. पण आईंच्या ठेवीचे पैसे ज्या दिवशी प्रीमियमकडे वळले त्या दिवसाचे खाते-उतारे जोडा. ‘एफडीसारखेच आहे’ असा मॅडमचा संदेश फोनमध्ये अजून असेल, तर तोच तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

राहिली सहल. ११ लाख गेले, ४ लाख कर्जाचे होते. तेव्हा १५ लाखांच्या सहलीसाठी तुमच्याकडे आज स्वतःचा एक रुपयाही नाही. ज्या कार्डावर चार लाखांचा ‘नो-कॉस्ट’ हप्ता लावणार आहात, त्याच्या प्रक्रिया शुल्काची आणि व्याजावरील जीएसटीची ओळ एकदा वाचा, म्हणजे त्या नावातील ‘नो’ किती खरा आहे ते कळेल. व्हिसा आहेत, ते पुढच्या वर्षीही चालतील. दरमहा ४० हजार बाजूला टाकलेत तर वर्षात पावणेपाच लाख जमतात, त्यात बोनस मिळवा. बहिणीकडे सहकुटुंब जाऊन येण्याएवढे पुढील उन्हाळ्यापर्यंत होईल, ओरलँडो कदाचित त्यानंतरच्या. चार दिवसांची पाच प्रवेशतिकिटेच अडीच-पावणेतीन लाखांच्या घरात जातील, हे तेव्हा विसरू नका. तुमची थोरली दहा वर्षांची असल्याने तिचे तिकीट डिस्नेच्या लेखी मोठ्यांचे आहे.

या मेमध्ये मात्र आईंना एकट्यांना मुलीकडे पाठवता येईल. एका तिकिटाचे सव्वा लाख, आणि त्यांच्या वयाला साजेसा, आधीपासूनच्या आजारांचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवास विमा. ‘बहीण आहे तिथे’ हा विमा नव्हे. अमेरिकेतील रुग्णालयाचे दोन रात्रींचे बिल तुमच्या सहलीपेक्षा मोठे येऊ शकते. त्या जाण्यापूर्वी ९ लाखांची गोष्ट त्यांना सांगा. तुमच्या पत्रावरून त्यांना ती माहीत आहे असे वाटत नाही.

डिस्नेची खोली तिकिटांशिवाय आरक्षित केली आहे, तेव्हा एका रात्रीची भरलेली रक्कम आता रद्द केल्यास पूर्ण परत मिळेल. ती आजच रद्द करा, आणि पॉलिसीच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी कंपनीने पाठवलेले दोन्ही आकडे, सरेंडरचा आणि पेड-अपचा, मला कळवा.