‘मोजक्या साथीचा’, ‘सोलीव’ आणि कंट्रीची ‘झाक’

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या १९६७ सालच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बमविषयी मराठीत लिहिताना ‘स्ट्रिप्ड-डाउन’ (जास्तीचे काढून टाकलेला) आणि ‘कंट्री-टिंज्ड’ (कंट्री संगीताची छटा असलेला) या विशेषणांसाठी ‘साधा’ आणि ‘ग्रामीण बाजाचा’ हे शब्द चालतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत.

‘साधा’ या शब्दाची अडचण अशी की जे मुळातच साधे आहे तेही साधे आणि जे कोणी विचारपूर्वक साधे केले तेही साधेच. येथे मात्र सारे मर्म त्या करण्यात आहे. आदल्याच वर्षीचा ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ हा दुहेरी अल्बम ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटारींनी भरलेला होता. त्यातले बहुतेक ध्वनिमुद्रण नॅशव्हिलला झाले होते. डिलन पुन्हा त्याच शहरात गेला, ड्रमवर केनी बट्री आणि बासवर चार्ली मकॉय हे तेव्हाचेच वादक त्याने घेतले, आणि या वेळी त्या दोघांखेरीज जवळजवळ सर्वत्र फक्त आपली गिटार, माउथ ऑर्गन आणि क्वचित पियानो एवढ्यावरच भागवले. आपल्या मैफलीच्या भाषेत याला सरळ ‘मोजक्या साथीचा अल्बम’ म्हणता येते, आणि वाद्यांपुरते बोलायचे असेल तेव्हा तेच म्हणावे.

गाण्यांच्या शब्दांविषयी बोलायचे असेल, तर मी ‘सोलीव’ सुचवीन. कोरीव, आखीव, घोटीव यांप्रमाणे धातूला ‘-ईव’ लागून झालेल्या या विशेषणात वस्तूवर घडलेली क्रिया दिसते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून, एकेकाचे साल अंगठ्याने काढल्यावरच ते सोलीव होतात. डिलनच्या शब्दकळेचे असेच झाले: आदल्या अल्बममधली प्रतिमांची दाटी गेली आणि बहुतेक गाणी तीन-तीन कडव्यांत आटोपली. ध्वनिमुद्रणाला मात्र हा शब्द लावू नये, कारण तेथे काढून टाकण्यासारखे काही नव्हतेच. उलट आणखी वाद्ये चढवावीत असा विचार झाला होता आणि गिटारवादक रॉबी रॉबर्टसनने आहे तसेच राहू द्यावे असे सुचवले.

‘कंट्री’ हे अमेरिकेतल्या एका संगीतप्रकाराचे नाव आहे, म्हणून ते तसेच ठेवावे. ‘ग्रामीण’ म्हटले की आपल्या वाचकाच्या कानात भलरी आणि जात्यावरच्या ओव्या घुमू लागतात. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. या अल्बममधल्या बारा गाण्यांपैकी केवळ शेवटच्या दोहोंत पीट ड्रेकची पेडल स्टील गिटार, म्हणजे कंट्री संगीताची ओळख असलेले वाद्य, आहे, म्हणून येथे ‘कंट्रीची झाक असलेला’ हेच योग्य. ‘कंट्रीच्या ढंगाचा’ हा प्रयोग डिलनच्या १९६९ सालच्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ या अल्बमसाठी राखून ठेवावा, कारण तेथे त्याने नुसती साथच नव्हे, गाण्याचा आवाजसुद्धा बदलला होता.