फायनलच्या आधी ‘यंदा आपणच’ असं वाटतंय, त्यात कितपत तथ्य असतं?

लागोपाठ आठ सामने जिंकून तुमचा फुटबॉल संघ फायनलला आलाय, तुम्हाला आत्तापासूनच चषक दिसतोय आणि मित्र म्हणतात हवेत जाऊ नकोस. कोणाचं खरं, असं तुम्ही विचारलंय.

आधी ते आठ विजय उकलून बघा. त्यासाठी एक्सजी, म्हणजे ‘एक्सपेक्टेड गोल्स’, हे सगळ्यात कामाचं माप आहे. फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला यावरून त्याला ० ते १ मधला आकडा मिळतो, म्हणजे गोल होण्याची शक्यता; सगळ्या फटक्यांची बेरीज हा संघाचा सामन्यातला एक्सजी. पेनल्टीला साधारण ०.७८, बॉक्सबाहेरच्या बहुतेक फटक्यांना ०.०५ च्या आसपास. तुमचा संघ १-० ने जिंकला पण एक्सजी ०.६ विरुद्ध १.७ असेल, तर तो विजय गोलकीपरने ओढून आणलाय. असे दोनतीन सामने चालतात. आठपैकी पाच तसे असतील तर काळजी करा, कारण असा फॉर्म फार टिकत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, पेनल्टी वगळायची राहून जाते. दोन पेनल्टी मिळाल्या की दीड गोल फुकटात जमा होतो आणि हल्ला आहे त्यापेक्षा धारदार भासतो. दुसरी जास्त फसवी. आघाडी घेतलेला संघ मागे सरकून बचाव करतो, त्यामुळे नंतरचे फटके समोरच्याच्या खात्यात जातात. म्हणून शक्य असेल तर बरोबरी असतानाचाच एक्सजी बघा. तिथे सामन्यामागे अर्ध्या गोलाची सरशी दिसली, आणि समोरचे संघही दमदार होते, तर तुमच्या आशेला भक्कम पाया आहे.

‘साखळीत त्यांना धुतलं होतं’ यावर मात्र विसंबू नका. १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीने पश्चिम जर्मनीला गटात ८-३ असं हरवलं आणि दोन आठवड्यांनी फायनलमध्ये त्याच संघाकडून ३-२ ने हार खाल्ली. गटातल्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक हेरबेर्गर यांनी बरेच मुख्य खेळाडू बाहेर ठेवले होते. उलट २००४ च्या युरोत ग्रीसने पोर्तुगालला सलामीलाही हरवलं आणि फायनललाही. तेव्हा मागच्या सामन्याचा निकाल बघण्याआधी त्या दिवशी मैदानात कोण होतं ते बघा.

दुखापतीतून परतणारा हुकमी खेळाडू ही आशावादाची सगळ्यात नाजूक जागा. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने पूर्ण बरा न झालेल्या दिएगो कोस्ताला उतरवलं आणि नवव्या मिनिटाला त्याला बाहेर काढावं लागलं. तेव्हा तीनच बदल मिळत, त्यातला एक गेला. ९३व्या मिनिटाला रेआल माद्रिदच्या रामोसने बरोबरी साधली आणि जादा वेळेत दमलेला अ‍ॅटलेटिको ४-१ ने हरला. आता पाच बदल मिळतात, म्हणून फटका कमी बसतो, पण कसोटी तीच: गेल्या दोन आठवड्यांत तो खऱ्या सामन्यात निदान अर्धा तास खेळलाय का? नुसत्या सरावाच्या व्हिडिओवर जाऊ नका.

आता टक्के काढा. बेटिंगचे भाव बघायचे, पैसे लावायचे नाहीत. समजा तुमचा विजय २.१० (म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर २.१० परत), बरोबरी ३.३०, हार ३.६०. प्रत्येकाने १ ला भागा: ०.४७६, ०.३०३, ०.२७८. बेरीज १.०५७ येते, वरचा भाग बुकीचा नफा. बेरजेने पुन्हा भागलं की साधारण ४५, २९ आणि २६ टक्के. हे भाव ९० मिनिटांचे असतात, चषकाचे नाहीत, हे बरेच जण विसरतात. बरोबरीचे २९ टक्के दोघांत अर्धे वाटले की तुमच्या वाट्याला सुमारे ५९ येतात. म्हणजे वरचढ संघ असूनही अशा दहा फायनलपैकी चार हातच्या जातात.

शूटआउटला मी तरी निम्मेनिम्मेच धरतो. पण कॉर्नर आणि फ्री किकवर तुमचा संघ किती गोल खातो ते जरूर मोजा, कारण फायनलमध्ये मोकळ्या संधी कमी मिळतात. २०१२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये बायर्न म्युनिकला घरच्या मैदानावर २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. त्या एकावर ८८व्या मिनिटाला द्रोग्बाने डोक्याने बरोबरी केली आणि शूटआउटमध्ये चषक चेल्सीने नेला. चेल्सीचे चार खेळाडू त्या रात्री निलंबित होते.

शेवटचा हिशेब सामन्याआधी तासभर, संघांच्या याद्या जाहीर झाल्यावर करा. मुख्य सेंटर बॅक (बचावफळीतला मधला खेळाडू) किंवा गोलकीपर अचानक गायब दिसला तर ५९ चे ५२-५३ करून टाका. स्ट्रायकर नसेल तर मी एवढा घाबरणार नाही.