बैलाची चाल एआयला दाखवायची कशी?

प्रश्न : भाऊ, आमच्याकडं गवळाऊ जोडी आहे. त्यातला एक बैल वखरणी झाल्यापासून जरासा लचकून चालते असं मले वाटते, घरचे म्हणते तुले भास होते. मी मोबाइलवर दहा सेकंदाचा व्हिडिओ काढून एआय असिस्टंटले देला, तर त्यानं लिहून देलं का चाल नॉर्मल आहे. भाचा म्हणते फ्रेमा काढून दे. व्हिडिओ असताना फोटो काहून? अन् काढायचे कसे, किती? – एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, भाच्याचं ऐका. आपण व्हिडिओत चाल पाहतो, पण एआय असिस्टंट सहसा व्हिडिओ सलग पाहतच नाही, मधूनमधून फ्रेम उचलतो आणि त्यावरून बोलतो, काही तर फक्त फोटोच घेतात. गूगलच्या जेमिनीचं उदाहरण घ्या, डेव्हलपरांसाठीच्या माहितीत सरळ लिहिलंय की वेगळं काही सांगितलं नाही तर सेकंदाला १ फ्रेम. तुमचा मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम काढतो, म्हणजे दहा सेकंदात ३००, आणि त्यातल्या दहाच पाहून निकाल! बैलाचा एक खूर टेकून परत तोच खूर टेकेपर्यंत साधारण सेकंद-सव्वा सेकंद जातो, म्हणजे पावलामागं जेमतेम एक फोटो, तोही कधी कधी जवळपास त्याच पोझचा. दुखरा पाय टेकतो तो क्षणच त्यात नाही तर लचक दिसणार कुठून.

हे काम फार जुनं आहे बरं का. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरनं पळत्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीनं लावले होते. तोवर चित्रकार घोड्याचे पाय पुढं-मागं ताणून तो हवेत दाखवायचे, फोटोत निघालं भलतंच, चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. नुसत्या डोळ्याला ते सापडत नव्हतं.

आधी शूटिंग नीट करा, त्याच्यावरच सगळं आहे. बैल जुवातून सोडलेला, सपाट कडक जमीन, कोणीतरी कासरा ढिला धरून सरळ नेणारा, आणि मोबाइल बंडीवर नाहीतर स्टुलावर पक्का टेकवून बाजूनं, बैलामागं फिरवायचा नाही, पूर्ण बैल डोक्यापासून खुरापर्यंत फ्रेममध्ये पाहिजे. ऊन चांगलं असताना काढा, दिवेलागणीला काढलेल्या व्हिडिओत पाय पुसल्यासारखे येतात मग फ्रेम कितीही काढा उपयोग नाही. आणि एक गोष्ट नक्की करा, डाव्या पुढच्या पायाला चुन्याचा पट्टा ओढा, कारण डावं-उजवं एआय हमखास घोटाळतो. दोन्ही बाजूंनी चालवून दोन व्हिडिओ घ्या. ते व्हाट्सअ‍ॅपवरून पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.

आता फ्रेम. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर चालतं, अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या अ‍ॅपमध्येही चालतं. त्याला लिहून द्यायचा हुकूम म्हणजे कमांड, ती पाठ करायची गरज नाही, एआयलाच सांगा की अमुक सेकंदापासून ३ सेकंद, सेकंदाला ८ फ्रेम, आणि ४ बाय २ अशा शीटमध्ये, म्हणजे आठ-आठ फ्रेमांच्या एकेका फोटोत, जोडून दे अशी कमांड लिही. २४ फ्रेमा होतात, तीन शीट. सगळ्या २४ एकाच फोटोत कोंबू नका, मोठा फोटो एआय आतल्या आत लहान करून घेतो आणि खूर ठिपक्याएवढे होतात. आजूबाजूचं आभाळ, धुरा, पऱ्हाटी कापून टाकली तर अजून चांगलं.

विचारताना "माझा बैल लंगडतो का" असं विचारू नका, तो तुमच्याच सुरात सूर मिसळेल. असं लिहा : फ्रेमा डावीकडून उजवीकडे, वरून खाली क्रमानं आहेत, दोन फ्रेममध्ये ०.१२५ सेकंदाचं अंतर आहे, प्रत्येक फ्रेममध्ये कोणता खूर जमिनीवर आहे, डोकं वर आहे की खाली, पाठ सरळ की कमानदार ते लिही, दिसत नसेल तर दिसत नाही लिही, निष्कर्ष शेवटी दे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना बैल डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो, हे एआयच्या यादीत पट्ट्याच्या पायासोबत दोन-तीन पावलं सारखंच आलं तर तुमचा भास नाही. मग त्या शीट घेऊन पशुवैद्यकाकडे जा किंवा जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन लावा, कारण खुरात काटा आहे की सांधा सुजलाय हे फोटोतून कळत नाही, खूर उचलूनच पाहावं लागतं. आणि शीटमध्ये काही दिसलं नाही तरी रोज बैलासोबत तुम्ही असता, तुम्हाला लचक वाटते ना, दाखवाच.

प्रश्न : शेतात रानडुक्कर कधी येतात पाहायला रात्रभर कॅमेरा लावतो. एवढं रेकॉर्डिंग एआयला कसं देऊ? – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुमचं उलटं आहे, तुम्हाला दाट फ्रेमा नकोतच. १० सेकंदाला एक काढली तरी ८ तासांच्या २८८० होतात, कोण पाहणार. एफएफएमपेगमध्ये चित्र बदललं तरच फ्रेम ठेव असं सांगता येतं, बदलाचा आकडा ० ते १ मधला असतो. सिनेमातले सीन ओळखायला ०.४ च्या आसपास ठेवतात, पण डुक्कर चित्राच्या एका कोपऱ्यात असतं म्हणून तुम्हाला तो फार कमी ठेवावा लागेल. वारा असला की तुरीच्या शेंड्यांच्याच फ्रेमा भरतील, म्हणून कॅमेऱ्याचा रोख उभ्या पिकावर ठेवू नका, धुऱ्यावरच्या ज्या फटीतून ते आत शिरतात तिथं ठेवा आणि व्हिडिओवर वेळ छापून येईल असं सेटिंग करा.