गाय आपली, मग जंगल कोणी खाल्लं?

प्रश्न : व्हॉट्सॲपवर सारखं येतं की ब्राझीलने आपल्या गायी नेल्या आणि मालामाल झाला. मुलगी म्हणते त्याच गायींनी ॲमेझॉनचं जंगल खाल्लं. खरं काय? आणि आता यावर काही इलाज आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गायी आपल्याच, हे खरंय. तिकडची मांसासाठीची बहुतेक गुरं नेलोर, म्हणजे आपली ओंगोल, पांढरी, वशिंडवाली, आंध्रातल्या नेल्लूरचं नाव घेऊन गेलेली. ऊन सोसते, गोचिडाला दाद देत नाही, म्हणून तिकडे जमली. (गीर पण गेली, पण ती दुधाला.)

पण मुलीला सांगा, गाय बिचारी कुऱ्हाड घेऊन गेली नव्हती. लष्करी सरकारने १९६६ पासून कंपन्यांना ॲमेझॉनमध्ये गुरांचे फार्म काढायला टॅक्समध्ये सूट दिली, १९७० ला जंगलातून हायवे काढायला घेतला, आणि मग ज्याला जमीन बळकवायची तो झाडं तोडायचा, जाळायचा, आफ्रिकेतलं गवत पेरायचा आणि गुरं सोडायचा, कारण कागद नसला तरी गुरं चरताना दिसली की ताबा दिसतो. आपल्याकडे गायरानात कुंपण घालतात ना, तसंच. म्हणून तर हेक्टरी जेमतेम एक-दीड जनावर! धंदा मांसापेक्षा जमिनीचा जास्त. याला आडवे आलेले रबराचा चीक काढणाऱ्यांचे नेते चिको मेंडिस, त्यांना डिसेंबर १९८८ मध्ये घरातच गोळी घातली, एका फार्मवाल्याच्या मुलाने.

इलाज आहे, आणि लागूही पडलाय. सॅटेलाइटची नजर, दंड, बँकेचं कर्ज बंद, असं सगळं केल्यावर २००४ ला वर्षाला सुमारे २७,७०० चौरस किमी जंगल जायचं ते २०१२ ला साडेचार हजारांवर आलं. नंतर सरकार ढिलं पडलं तसं परत वाढलं, ते वेगळं रडगाणं. आहे त्याच कुरणात गवत सुधारून, पाळीपाळीने चारून, मका-सोयाबीन आणि झाडांच्या ओळी मिसळून जास्त गुरं पोसता येतात, हे एम्ब्रापा या त्यांच्या कृषी संशोधन संस्थेने दाखवलंय.

खरी गोची वासरात आहे. जन्मतं जंगल तोडलेल्या फार्मवर, पोसलं जातं दुसरीकडे, आणि जंगल तोडणाऱ्या फार्मची गुरं घ्यायची नाहीत, या २००९ च्या करारापासून मोठे कत्तलखाने तपासत आलेत तो मुख्यतः शेवटचा फार्म. म्हणून आता २०३२ पर्यंत प्रत्येक जनावराच्या कानात नंबर घालायचं ठरलंय, आपल्या गोठ्यातला पिवळा बिल्ला असतो ना, तसंच काहीतरी.