वाचकांचे प्रश्न : २०२० च्या हॉकीचा हिशेब

प्रश्न : लहानपणापासून मी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या आइस हॉकीची वही ठेवतो. महामारीतलं २०२० चं पान मात्र जुळत नाही. लीगच्या अजिंक्यपदाला, स्टॅन्ली कपला, १६ विजय लागतात, मग टँपा बेचा गोलरक्षक वासिलेव्हस्कीच्या नावावर १८ कसे?

उत्तर : तुमची बेरीज चुकलेली नाही. त्या वर्षाला एक पान पुरत नाही, तीन करा.

पहिलं साखळीचं. ते ११ मार्चला बंद करा. १२ तारखेला लीग थांबली आणि उरलेले साखळी सामने झालेच नाहीत. तेव्हा एरवी प्रत्येकाचे ८२ सामने होत, इथे कुणाचे ६८, कुणाचे ७१. म्हणून नुसत्या गुणांवर क्रम लावू नका. गुणांना सामन्यांच्या दुपटीने भागा. बोस्टनचे ७० सामन्यांत १०० गुण, म्हणजे ०.७१४, टँपाचे ७० मध्ये ९२, म्हणजे ०.६५७. लीगनेही हाच हिशेब धरला. खेळाडूंचे गोल मात्र ८२ सामन्यांच्या प्रमाणात फुगवू नका. ओव्हेच्किन आणि पास्टर्नाक दोघेही ४८ वर थांबले, सर्वाधिक गोलांची रॉकेट रिशार ट्रॉफी दोघांना मिळून दिली गेली. तेच लिहा.

तुमचा घोळ दुसऱ्या पानावर आहे. १ ऑगस्टला खेळ परतला तो २४ संघांनिशी. दोन्ही कॉन्फरन्समधले (पूर्व आणि पश्चिम गटांतले) पहिले चार-चार संघ फक्त मानांकनासाठी आपसात तीन-तीन सामने खेळले. बाकी १६ संघांची पाचपैकी तीन जिंकण्याची पात्रता फेरी झाली. या सगळ्याची वैयक्तिक आकडेवारी लीगने प्लेऑफमध्येच, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांतच, धरली. टँपाने मानांकनाचे दोन जिंकले, एक गमावला. पुढच्या चार फेऱ्यांत १६ विजय, ६ पराभव. पंचविसाच्या पंचवीस सामन्यांचा निकाल वासिलेव्हस्कीच्या खात्यात गेला : १८-७. मानांकनाच्या सामन्यांत बरोबरी सोडवायला साखळीचाच नियम होता. टँपाने वॉशिंग्टनला शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर फटका मारून) हरवलं ते त्यामुळे. ती नोंद चूक समजून खोडू नका. साखळीत सर्वांत वर असलेला बोस्टन तिन्ही सामने हरून चौथ्या मानांकनावर घसरला, हे या पानाशिवाय कळतच नाही.

तिसरं पान मुख्य फेऱ्यांचं. पूर्वेचे संघ टोरोंटोत, पश्चिमेचे एडमंटनमध्ये; कॉन्फरन्स फायनलपासून सगळं एडमंटनला. 'यजमान' हे तिथे नावापुरतं, पण खेळाडूंची शेवटची अदलाबदल करण्याचा, म्हणजे समोरचे कोण उतरले ते पाहून आपले बदलण्याचा, हक्क त्याच संघाला होता. तेवढी खूण ठेवा.

प्रश्न : ११ ऑगस्टची बोस्टन-कॅरोलायना लढत दुसऱ्या दिवशी का ढकलली?

उत्तर : दोन सामने आणि रिंक एकच. त्याआधीचा टँपा-कोलंबस सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत (बरोबरी तोडण्यासाठीच्या जादा वेळेपर्यंत) गेला. प्लेऑफमध्ये ओव्हरटाइम पूर्ण २० मिनिटांचा असतो आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीत बर्फ नव्याने करून घेतात. ब्रेडन पॉइंटने निर्णायक गोल केला तेव्हा घड्याळात १५० मिनिटं २७ सेकंदांचा खेळ झाला होता. कोलंबसच्या कोर्पिसालोने ८८ पैकी ८५ फटके अडवले, आणि सेथ जोन्स एकटा ६५ मिनिटांहून जास्त बर्फावर होता. हरलेल्या संघाचं हे पान जपून ठेवण्यासारखं आहे.

प्रश्न : साथीमुळे कप कधी अडला होता का?

उत्तर : हो, १९१९ मध्ये. सिअ‍ॅटलमध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन्स संघाची मॉन्ट्रिअल कॅनेडियन्सविरुद्धची मालिका २-२ अशी होती, एक सामना बरोबरीत. इन्फ्लुएन्झामुळे शेवटचा सामना झालाच नाही आणि ५ एप्रिलला कॅनेडियन्सचा खेळाडू जो हॉल वारला. कपावर दोन्ही संघांची नावं आणि 'मालिका अपूर्ण' असं कोरलेलं आहे. वहीतला विजेत्याचा रकाना रिकामाच सोडा.