मिस्टरांना गार्डचीच नोकरी करावी लागणार का?

प्रश्न: माझे मिस्टर आर्मीत हवालदार आहेत, ट्रेड स्टोअरकीपर टेक्निकल, म्हणजे गाड्यांच्या स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळतात. पुढच्या वर्षी 24 वर्षं पूर्ण करून घरी येतायत. गावाकडे (सातारा) जो तो म्हणतो बँकेत नाहीतर एटीएमवर गार्ड म्हणून लागतील. त्यांचं शिक्षण बारावी. बायोडाटा करायला बसलो तर नाव, रँक, युनिट यापुढे काही सुचेचना. काय करावं?

उत्तर: ताई, गार्डची नोकरी वाईट अजिबात नाही, पण ज्या माणसाने इतकी वर्षं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळलं त्याला गेटवर उभं करणं म्हणजे त्याचं सगळं शिक्षण वाया घालवणं, आणि हे मला मनापासून खटकतं. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांना आणि गोदामांना अशीच माणसं हवी असतात हो. अडचण एवढीच की एचआरमधल्या पोराला रँक आणि युनिटच्या नावावरून काम कळत नाही, म्हणून बायोडाट्यात काम लिहायचं. स्टोअरमध्ये किती प्रकारचे पार्ट होते, हाताखाली किती जण, इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, आल्यापासून माल जाईपर्यंत कोण काय बघायचं, बिन कार्ड (प्रत्येक कप्प्यातल्या मालाची नोंद) आणि लेजर (स्टोअरची हिशोबाची वही) जुळवणं, ऑडिटला काही कमी निघालं का, हे सगळं साध्या भाषेत आकड्यांसकट. युनिट कुठे होतं, कुठल्या बॉर्डरवर, हे मात्र लिहू नका, सुरक्षेचा प्रश्न आहे आणि नोकरीसाठी त्याचा उपयोगही नाही.

दुसरं म्हणजे घरी यायची वाट बघू नका. पुनर्वसन महानिदेशालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स सर्व्हिसमध्ये असतानाच करता येतात, जवानांना फी नसते, काही तर 24 आठवड्यांपर्यंतचे असतात, अर्ज युनिटमार्फत जातो. त्यांनी आत्ताच युनिटमध्ये विचारावं. लॉजिस्टिक्स किंवा मटेरियल मॅनेजमेंटचं काही मिळालं तर सोनं, सोबत एक्सेल आणि सॅपची (कंपन्या मालाच्या हिशोबाला वापरतात ते सॉफ्टवेअर) तोंडओळख करून घ्यावी कारण बाहेर लेजर कॉम्प्युटरवरच असतं.

सरकारी नोकरीचा रस्ताही सोडू नका. राज्याच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के. आणि हे फार जणांना माहीत नसतं, की दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्राच्या गट क मधल्या, पदवी मागणाऱ्या पण तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या पदांनाही अर्ज करता येतो, म्हणजे बारावीवर अडून बसायचं कारण नाही. आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, भरतीची माहिती तिथे मिळते.

शेवटी पगाराचं. इंटरव्ह्यूत "तुम्हाला पेन्शन आहेच की" असं म्हणून कमी पगार सांगणारे भेटतात. पेन्शन त्यांनी आधीच कमावलेली आहे, तिचा या कामाशी संबंध नाही. त्या कंपनीत त्याच पोस्टवरचा सिव्हिलियन माणूस काय घेतो ते आधी विचारून ठेवा आणि तेवढंच मागायला सांगा.