शंका-समाधान : नाक इंग्रजीतले, नाक चेकमधले

(चेक शब्द वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. चेकमधले त आणि द हे आपल्या त-द सारखेच दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ट-ड नाहीत. 'झ' मात्र झाडातला वाचावा, झेंड्यातला नव्हे.)

प्रश्न : 'लीड समवन बाय द नोझ' याचे चेक भाषांतर मी 'वोद्यित न्येकोहो झा नोस' असे केले. शब्दाला शब्द जुळतो, तरी संपादकांनी ते चूक ठरवले. का?

उत्तर : संपादकांचे बरोबर आहे. चित्र एकच आहे, पण अर्थ दोन वाटांनी गेले आहेत. इंग्रजीत याचा अर्थ एखाद्याला पूर्ण मुठीत ठेवून हवे तसे वागवणे. वेसणीला धरून बैल न्यावा, तसे. फसवणूक असेलच असे नाही. चेकमध्ये मात्र फसवणूक हाच गाभा आहे : बनवणे, थापा मारून झुलवत ठेवणे.

दोन वाक्यांवर हे पडताळून पाहा. 'थोरला भाऊ म्हणेल ते तो मुकाट्याने करतो' इथे इंग्रजी वाक्प्रचार चपखल बसतो आणि चेक साफ चुकतो. 'घरमालक तीन महिने उद्या करार करू म्हणतो आहे आणि घर केव्हाच दुसऱ्याला देऊन बसला आहे' इथे चेक वाक्प्रचार हवा, तर इंग्रजीत 'स्ट्रिंग अलाँग' म्हणावे लागेल. मुठीत ठेवण्यासाठी चेकमध्ये नाक सोडून बोटाकडे जावे लागते : 'मा हो ओमोतनेहो कोलेम पर्स्तु', म्हणजे त्याला बोटाभोवती गुंडाळून ठेवले आहे. यात गोड बोलून, लाडीगोडीने वश करण्याची छटा आहे, तेवढी सांभाळावी.

भाषांतरात अशा जोड्यांमध्ये चुका सहज होतात. दोन वाक्प्रचार अगदी वेगळे दिसले की आपण शब्दकोश उघडतो, सारखे दिसले की उघडत नाही. म्हणून नाक दिसले की आधी विचारावे : कोण, कोणाला, काय करतो आहे? मगच शब्द शोधावा.

निर्धास्त वापरता येतील अशा जोड्याही आहेत. 'टर्न अप युवर नोझ', चेकमधले 'ओहर्नोवत नोस' आणि आपले नाक मुरडणे हे तिन्ही एकच. 'पोक युवर नोझ', 'स्तर्कत नोस' आणि नाक खुपसणे हेही तसेच. स्वतःच्या नाकापलीकडे न दिसणारा माणूस इंग्रजीत आहे तसा चेकमध्येही आहे, फक्त चेक माणसाला नाकाच्या शेंड्यापर्यंतही दिसत नाही : 'नेविद्यी सि अन्यि ना श्पिच्कु नोसु'.

'फॉलो युवर नोझ' आणि 'रोव्न्ये झा नोसेम' हे दोन्ही वाट सांगताना चालतात : असेच सरळ जा. इथे ठेच लागते ती मराठीमुळे. आपला नाकासमोर चालणारा माणूस सरळमार्गी असतो; ती नीतीची छटा या दोन्ही भाषांत नाही. उलट इंग्रजीत या शब्दांचा दुसरा अर्थ आतून वाटेल तसे, अंदाजाने जाणे असा आहे.

'रब समवन्स नोझ इन इट' हेही 'नाक घासायला लावणे' नव्हे. समोरच्याला त्याची चूक पुन्हा पुन्हा ऐकवणे, असा त्याचा अर्थ. चेकमध्ये त्यासाठी ती गोष्ट डोक्यावर आपटतात : 'ओम्लत्सोवत ओ ह्लवु'.

'पे थ्रू द नोझ' म्हणजे अव्वाच्या सव्वा पैसे मोजणे. चेकमध्ये यात नाक मुळीच नाही. तिथे वस्तूची किंमत 'मायलान्त' पडते, आणि मायलान्त म्हणजे इटलीतले मिलान शहर. जर्मन नावावरून आलेला हा शब्द आहे. उलटेही घडते. इंग्रजीत दार तोंडावर आपटतात, चेकमध्ये नाकासमोर, 'प्र्झेद नोसेम'. डोळ्यांदेखत निघून गेलेली गाडीही चेक माणसाच्या नाकासमोरूनच सुटते. आणि आपली खासगी गोष्ट कोणाला सांगायची नसेल तर चेक माणूस म्हणतो, ती मी त्याच्या नाकावर टांगणार नाही. 'ना नोस व्येशेत' हा प्रयोग फार गोड आहे. इंग्रजीत नेताना नाक सोडून द्यावे लागते.

प्रश्न : चेक पाठ्यपुस्तकात कधी नोस, कधी नोसु, कधी नोसेम, कधी नोसे दिसते. इतके शब्द कशाला?

उत्तर : शब्द एकच, विभक्त्या वेगळ्या. आपण नाक, नाकाचा, नाकाने, नाकात म्हणतो तसेच. नोस ही प्रथमा आणि द्वितीया. नाकाचा म्हणायला नोसु. नाकाने, आणि 'समोर' किंवा 'मागे' या अर्थाच्या शब्दांनंतर नोसेम. नाकात म्हणायचे तर 'व्नोसे'. यातला 'व्' म्हणजे 'मध्ये'; नुसते नोसे रोमन लिपीत लिहिले तर हुबेहूब इंग्रजी 'नोझ'चे स्पेलिंग होते. त्यामुळे इंग्रजी येणारा ते 'नोझ' असे वाचून मोकळा होतो. शेवटचा 'ए' उच्चारायचा आणि 'स' चा 'झ' करायचा नाही.

दुसरा चकवा म्हणजे 'नोसित' हे क्रियापद. त्याचा अर्थ वाहून नेणे किंवा अंगावर घालणे, आणि 'नोस' हे त्याचे आज्ञार्थी रूपही आहे. नाकाशी त्याचा संबंध नाही. 'नोसी नोस नहोरु' या वाक्यात दोघे शेजारी बसतात : तो नाक वर करून मिरवतो. नाक या अर्थाचा 'नोस' मात्र आपला जुना नातेवाईक आहे. इंग्रजी नोझ, चेक नोस आणि संस्कृत नासा ही एकाच मुळाची रूपे.

प्रश्न : परदेशात औषधाच्या दुकानात सर्दीबद्दल नेमके काय सांगावे?

उत्तर : आधी सर्दी आणि थंडी वेगळ्या करा. सर्दी झाली असेल तर 'आय हॅव अ कोल्ड'. 'आय अ‍ॅम कोल्ड' म्हटले तर तुम्हाला थंडी वाजते आहे असे समजतील. चेकमध्ये सर्दीला 'माम रीमु' आणि थंडीला 'ये मि झिमा'.

मग नाक वाहते की चोंदले आहे ते सांगा, कारण औषध त्यावर ठरते. वाहत असेल तर 'रनी नोझ'. चेकमध्ये 'तेचे मि झ्नोसु', म्हणजे माझ्या नाकातून वाहते आहे. चोंदले असेल तर अमेरिकेत 'स्टफी', ब्रिटनमध्ये बहुधा 'ब्लॉक्ड', चेकमध्ये 'उत्सपनी नोस'. नाकात घालायचे थेंब हवे असतील तर 'कप्कि दो नोसु' मागा.

'मला सायनस झाला' हे शब्दशः नेऊ नका. सायनस ही कवटीतली पोकळी. ती सगळ्यांनाच असते. आजार आहे तो सायनसायटिस. चेकमध्ये त्या पोकळ्यांना 'दुत्यिनि' म्हणतात आणि आजाराला 'झान्येत दुत्यिन', म्हणजे पोकळ्यांचा दाह.

घोळणा फुटला तर इंग्रजीत 'नोझब्लीड' हे नाम वापरतात. चेकमध्ये बहुधा वाक्यच करतात : 'तेचे मि क्रेफ झ्नोसु', नाकातून रक्त वाहते आहे. नाक शिंकरण्याला इंग्रजीत 'ब्लो', चेकमध्ये 'विस्मर्कत से'. शेवटचा 'से' गाळू नका. तो गाळला तर आपण दुसऱ्याचे, बहुधा लहान मुलाचे, नाक शिंकरतो आहोत असा अर्थ होतो.

शिंक आली तर इंग्रजीत 'ब्लेस यू' ऐकू येईल, चेकमध्ये 'ना झ्द्रावी'. पेला उंचावतानाही हेच म्हणतात. गोंधळू नका, 'द्येकुयि' म्हणून आभार माना.

प्रश्न : 'नोझी' म्हणजे चेकमध्ये 'नोस्न्यी' का?

उत्तर : नाही. नोस्न्यी म्हणजे नाकाचा, नाकासंबंधीचा : नाकपुडी ती 'नोस्न्यी द्यीर्का'. 'नोझी' माणसाला, म्हणजे नको तिथे चौकश्या करणाऱ्याला, 'झ्व्येदवी' म्हणा. त्याचा खरोखर त्रास होत असेल तर 'च्मुखल', म्हणजे हुंगत फिरणारा.

प्रश्न : 'कट ऑफ युवर नोझ टू स्पाइट युवर फेस' याला चेकमध्ये काय म्हणावे?

उत्तर : मराठीत स्वतःचे नाक कापून दुसऱ्याला अपशकुन हे जवळजवळ तसेच आहे. चेकमध्ये बरेच जण आपण बसलेली फांदी तोडण्याचा वाक्प्रचार योजतात. तो अपुरा पडतो, कारण फांदी मूर्खपणानेही तोडता येते; इंग्रजीत राग आणि आकस हवाच. तेव्हा फांदी वापरायची तर जोडीला 'झे व्स्तेकु', म्हणजे रागापोटी, एवढे शब्द घाला.